आधी पाणी, मग व्हिनेगर

पोरी, टिकाऊ कोलस्लॉ करायचा तर सुरीआधी वजनकाटा बाहेर काढ. चिरलेल्या कोबीच्या १ किलोला १५ ग्रॅम मीठ, हे प्रमाण डोक्यात पक्कं बसव. साखर, तेल, मिरची तुझ्या जिभेवर सोडते. मीठ आणि व्हिनेगर मात्र अंदाजपंचे घालायचं नाही. मिरजेच्या घरी तुझी आजी कैरीच्या लोणच्याचं मीठ मापानं घ्यायची आणि मसाला हातानं. तिथलं आणि इथलं कारण एकच आहे. मसाला चुकला तर चव बिघडते, मीठ चुकलं तर बरणी जाते.

इथे जर्मनीत दुकानात पांढऱ्या मेयोनीजमधला कोलस्लॉ मिळतो, तो आपल्याला नको. कोबी पाणी सोडत राहतो, ते पाणी मेयोनीजमध्ये उतरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाशी पाणचट ताक झाल्यासारखं दिसतं. कामावर जाणाऱ्या माणसाला रविवारी करून पुढचे दोन आठवडे डब्याला पुरेल असं काही हवं असतं. ते व्हिनेगरमधलंच. आणि व्हिनेगरमध्येही तेव्हाच, जेव्हा कोबीचं पाणी आधी काढलेलं असेल.

कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. तू कोरड्या कोबीवर थेट व्हिनेगर ओतलंस तर पहिल्या दिवशी चव झणझणीत लागेल. मग कोबी आतलं पाणी हळूहळू बाहेर टाकेल आणि तू मोजून घातलेलं आंबट रोज थोडं पातळ होत जाईल. पाचव्या दिवशी बरणीत जे असतं ते तू पहिल्या दिवशी केलेलं नसतंच. म्हणून मीठ आधी. मीठ चोळलं की पाणी पेशीतून बाहेर येतं, ते पिळून टाकायचं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत व्हिनेगर शिरू द्यायचं. कोबी व्हिनेगर पितो तो त्यानंतर. एवढा क्रम पाळलास तर बाकी माझं काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

आता कोबीविषयी, कारण तू राहतेस ते गाव या बाबतीत भाग्याचं आहे. स्टुटगार्टच्या दक्षिणेला, विमानतळ आहे ते सगळं पठार म्हणजे फिल्डर. तिथली माती वाऱ्यानं आणून टाकलेल्या बारीक गाळाची, खोल आणि ओल धरून ठेवणारी. तिथे निमुळत्या टोकाचा कोबी पिकतो, त्याला फिल्डरक्राउट किंवा श्पिट्सक्राउट म्हणतात. बेर्नहाउझेनच्या बिशोफ नावाच्या पाद्र्यानं १७७२ साली लिहून ठेवलं आहे की या भागात हाच टोकदार पांढरा कोबी लावतात. म्हणजे पानिपतानंतर आपल्याकडे माधवराव पेशवे घडी बसवत होते, त्या काळातली ही नोंद. २०१२ साली युरोपीय संघानं या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं, जसं आपल्याकडे रत्नागिरी-देवगडच्या हापूसला आहे.

हा कोबी का घ्यायचा ते सांगते. त्याचं पान पातळ आणि मऊ, शिरा बारीक, चव गोडसर, आणि गोल कोबीला येतो तो उग्र वास याला कमी. गड्डा चिरून बघ, आतली पानं सैल असतात, एकमेकांवर घट्ट दाबलेली नसतात. त्यामुळे मीठ लगेच सगळीकडे पोचतं. गोल कोबी मशीननं काढता येतो, गाडीत नीट रचता येतो. हा निमुळता गड्डा हातानंच काढावा लागतो. म्हणून शेतकऱ्यांनी हळूहळू गोल कोबी धरला. शिवाय फिल्डरची जमीनही गेली. विमानतळ, महामार्ग, २००७ साली उघडलेलं मोठं प्रदर्शन केंद्र, हे सगळं याच सुपीक मातीवर उभं आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जे शेतकरी अजून लावतात त्यांच्याकडून घ्यावा, एवढं आपल्या हातात आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात एस-बान, म्हणजे इथली लोकल, पकडून एख्टरडिंगेनला उतर. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी लाइनफेल्डेन आणि एख्टरडिंगेनला कोबीचा उत्सवच भरतो, पण खरेदीला गर्दी नसलेला दिवस बरा. गावात शेतकऱ्यांच्या दारातच गड्डे मांडलेले असतात. तेवढं जमलं नाही तर मंगळवार, गुरुवार, शनिवार स्टुटगार्टच्या मार्क्टप्लाट्सवर, म्हणजे बाजारचौकात, बाजार असतो. गड्डा हातात घेऊन जड वाटतो का बघ. बुंध्याचा काप पांढरट-ओलसर हवा, तपकिरी सुकलेला नको. सुपरमार्केटात वर्षभर छोटा टोकदार कोबी प्लॅस्टिकमध्ये मिळतो, तो कोवळा आणि फार पाणीदार. त्याची त्याच दिवशी कोशिंबीर कर, बरणी भरू नकोस.

गोल कोबीच मिळाला तरी अडत नाही. त्याला मीठ लावून दोन तास ठेव आणि वरून घालायचं व्हिनेगर कडकडीत गरम असू दे. टोकदार कोबीला पाऊण तास पुरतो, आणि व्हिनेगर बोट जेमतेम बुडवता येईल इतपत निवलेलं. उकळतं ओतलंस तर ते नाजूक पान लगदा होतं.

चिरायचा कसा? विळी असेल तर विळीवर. तुझ्या आईनं दिलेली विळी तू भारतातून आणली नाहीस हे मला माहीत आहे; मग इथला क्राउटहोबेल घे. लाकडी पाटीत तिरपी पाती बसवलेली असतात, त्यावर गड्डा पुढे-मागे सरकवायचा. पूर्वी इथे हिवाळ्याच्या तोंडावर कोबी चिरून देणारी माणसं असले होबेल पाठीवर घेऊन दारोदार यायची आणि घरोघरी पिंपं भरली जायची. बोटं जप, ती पाती फार धारदार असतात. फूड प्रोसेसर वापरू नकोस. त्यात पान चिरण्याऐवजी ठेचलं जातं, आणि ठेचलेला कोबी जास्त उग्र होतो. त्याचं कारण असं की कोबीच्या पेशीत दोन द्रव्यं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की ती एकत्र येतात आणि मोहरीसारखा तिखट, गंधकी वास सुटतो. जितकं ठेचशील तितका तो वास जास्त. लांब, पातळ, सरळ काप हवा. दांडा काढून टाक, पण फेकू नकोस, आमटीत घाल.

चिरलेला कोबी मोठ्या परातीत घे, वजन कर, मीठ घाल आणि दोन्ही हातांनी कणीक मळतेस तसा पाच मिनिटं चोळ. आमच्या शेजारची श्वाबियन, म्हणजे याच भागातली, आजी मूठ वळून ठोकायची, तेही चालतं. मग झाकून ठेव. पाणी सुटलं की मूठभर मूठभर घेऊन घट्ट पिळ. पंच्यात बांधून पिळलंस तर उत्तम. ते खारट पाणी ओतून दे. कोणी सांगेल की त्यात जीवनसत्त्वं आहेत, ते खरंही आहे, पण आपल्याला टिकवायचंय. पिळल्यावर एक काडी खाऊन बघ. लोणच्याच्या फोडीइतकी खारट लागली तर गार पाण्यातून एकदा काढून पुन्हा पिळ. नाहीतर धुवायची गरज नाही.

व्हिनेगरचं आता नीट ऐक. बाटलीवर आम्लाचे टक्के लिहिलेले असतात, ते वाचल्याशिवाय घरात आणू नकोस. साधं पांढरं किंवा सफरचंदाचं व्हिनेगर ५ टक्क्यांचं असतं, द्राक्षाच्या वाइनचं ६ टक्क्यांचं. शेजारच्या एस्लिंगेनला हेंगस्टेनबेर्ग हा कारखाना १८७६ साली व्हिनेगर करायलाच निघाला, त्यामुळे या भागात चांगलं व्हिनेगर शोधावं लागत नाही. मी सफरचंदाचं वापरते. कोबीशी त्याचं जमतं. बाल्समिको यासाठी घेऊ नकोस, कोबी काळवंडतो आणि चव गोड चिकट होते.

एक बाटली मात्र ओळखून ठेव. एसिग-एसेन्स म्हणून मिळतं ते २५ टक्क्यांचं असतं. किटलीतला क्षार काढायला लोक ते आणतात. ते स्वयंपाकात वापरता येतं, पण १ भाग एसेन्सला ४ भाग पाणी घातल्यावर ५ टक्के होतं. तसंच ओतलं तर घसा भाजेल. घरात लहान मूल येणार असेल तर ती बाटली वरच्या फळीवर. आणि भारतात गेल्यावर हाच पदार्थ केलास तर तिथलं कृत्रिम व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं हे लक्षात ठेव. तिथे पाव भाग जास्त घ्यावं लागेल. गोव्यात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं, चवीला फार सुंदर, पण घरगुती असेल तर त्याचं आम्ल किती ते कळत नाही. त्यात केलेलं दोन दिवसांत संपवावं.

१ किलो कोबीला पाव लिटर ५ टक्क्यांचं व्हिनेगर. त्यात ८० ग्रॅम साखर, दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. स्टीलच्या पातेल्यात एक उकळी आण, झाकण ठेवून, खिडकी उघडून. ती वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते. अॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं नको. दुसरीकडे चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू दे, हिंग घाल, अर्धा चमचा शहाजिरं घाल. इथे कोबीत क्युमेल टाकल्याशिवाय कोणी राहत नाही, तेच आपलं शहाजिरं, आणि पोटाला ते खरंच मानवतं. हळद घालायची तर चिमूटभर. फोडणी थोडी निवली की व्हिनेगरमध्ये ओत, गरम तेलात व्हिनेगर ओतू नकोस, अंगावर उडेल.

साखर कमी करायची असेल तर कर. एवढ्या साखरेनं काही टिकत नाही, मुरांबा व्हायला त्याच्या कितीतरी पट लागते. इथे ती फक्त आंबटपणाची धार कमी करते. टिकवण्याचं काम आम्ल करतं आणि थंडी करते. म्हणून आंबट जास्त वाटलं तर साखर वाढव, व्हिनेगर कमी करून पाणी घालू नकोस. हे मी दोनदा सांगितलं तरी कमीच आहे.

काचेची बरणी गरम पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी कर. इथल्या वेकच्या बरण्या चांगल्या. बाडेनमध्ये १९०० सालापासून ती कंपनी आहे आणि त्यांचं झाकणही काचेचं असतं. पत्र्याचं झाकण असेल तर आतला पांढरा थर कुठे सुटलेला नाही ना ते बघ, व्हिनेगर गंज चढवतं. कोबी भर, दाबत दाबत, वरून व्हिनेगर ओत, चमच्याच्या दांड्यानं बाजूनं खुपसून हवा काढ. कोबी द्रवाच्या खाली गेला पाहिजे. वर तरंगणारे काप आधी खराब होतात. कमी पडलं तर थोडं आणखी व्हिनेगर उकळून, गार करून घाल. खोलीच्या तापमानाला आलं की लगेच फ्रिजमध्ये, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. फ्रिजमध्येही दारात नाही. भाजीच्या खणाच्या वरची काचेची फळी सगळ्यात थंड असते, तिथे.

रात्रभरात खाण्याजोगा होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगला लागतो, दोन आठवडे बिनघोर राहतो. आम्लात कोबी मऊ पडत नाही, उलट कुरकुरीत राहतो, हा याचा मोठा गुण. तिसरा आठवडा कोणी सांगितला तरी मी लावत नाही.

आता थोडं गंभीर. १९८१ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत लिस्टेरिया नावाच्या जंतूचा आजार पसरला. ४१ जणांना झाला, त्यातल्या बहुतेक गरोदर बाया आणि नवजात बाळं. शोध घेतला तेव्हा तो बाजारच्या तयार कोलस्लॉपर्यंत पोचला. ज्या शेतातून कोबी आला होता तिथे मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, त्या कळपातल्या मेंढ्या याच आजारानं मेल्या होत्या, आणि तो कोबी हिवाळाभर थंड कोठारात पडून होता. लिस्टेरिया अन्नातून पसरतो हे जगाला नीट कळलं ते या प्रकरणामुळे. हा जंतू थंडीत मरत नाही, सावकाश वाढत राहतो. म्हणजे फ्रिज एकटा पुरा पडत नाही. त्याला आम्ल अडवतं, सामू (पीएच) ४.४ च्या खाली असेल तर तो वाढत नाही. म्हणून मी व्हिनेगरच्या मापाबाबत इतकी हट्टी आहे. मनात शंका राहत असेल तर सामू मोजायच्या कागदी पट्ट्या विकत मिळतात. दुसऱ्या दिवशी बरणीतल्या द्रवात बुडवून बघ, ४ किंवा त्याहून कमी आला पाहिजे.

बाहेरची दोन-तीन पानं नेहमी काढून टाक, उरलेला गड्डा वाहत्या पाण्याखाली धू, चिरण्याआधी. चिरल्यावर नाही. आणि तुझी ती पुण्याची मैत्रीण, जिला दिवस गेलेत, तिला ही बरणी देऊ नकोस. तिला कोबीची भाजी कर, चांगली वाफवून.

बरणीत काय घालायचं नाही तेही सांगते. काकडी नाही, पाणी सोडते. कच्चा लसूण नाही, तेलाखाली हवेविना राहिलेला लसूण धोक्याचा असतो. कांदा घातलास तर चौथ्या दिवसापासून फक्त कांदाच लागतो. खाताना वरून घे. गाजर चालेल, ढोबळी मिरची चालेल, दोन्ही कोबीच्या बरोबर मीठ लावून पिळलेली. जांभळा कोबी घातलास तर आम्लात त्याचा रंग लालभडक होतो आणि सगळी बरणी गुलाबी होते, दिसायला फार छान. ओलं खोबरं, कोथिंबीर, दाण्याचं कूट हे सगळं ताटात. कूट बरणीत गेलं की आम्ल शोषून घेतं आणि दोन दिवसांत खवट वास येतो. इथले लोक डुकराच्या चरबीचे तुकडे परतून गरमच घालतात; ती त्यांची जेवणाच्या वेळेची कोशिंबीर, टिकवायची नव्हे.

कोणी तुला साउअरक्राउटची पद्धत सांगेल: फक्त मीठ, व्हिनेगर नाही, पिंपात दाबून महिनाभर तळघरात. तो आंबवलेला कोबी, त्यात कोबीवरचेच जंतू आम्ल तयार करतात. तोही फार चांगला आणि आपल्या बरणीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. पण दोन्ही पद्धती एकत्र करायच्या नाहीत. थोडं मीठ, थोडं व्हिनेगर, चार दिवस बाहेर, असं केलं की चांगले जंतू वाढायला आम्ल आड येतं आणि वाईट जंतू अडवायला ते पुरत नाही. म्हणूनच साउअरक्राउटमध्ये बुडबुडे आले तर आनंद मानायचा, आपल्या बरणीत आले तर ओतून द्यायची. फेस, बुळबुळीतपणा, वर पांढरी साय, झाकण उघडताना फुस्स आवाज, यातलं काही दिसलं की चाखून बघायचं नाही. टाकायचं.

काढताना कोरडा, स्वच्छ चमचा. ओल्या हातानं बरणीला शिवायचं नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, आजीनं लोणच्याच्या वेळी किती वेळा ओरडून सांगितलं असेल. लागेल तेवढं वाटीत काढ, उरलेलं पुन्हा बरणीत घालू नकोस, आणि कोबी पुन्हा द्रवाखाली दाबून ठेव.

खायचा कशाबरोबर ते तू ठरव. मला थालीपिठाबरोबर आवडतो, मटकीच्या उसळीवर घालून आवडतो. डब्यात इथला काळा राय पाव, त्यावर लोणी आणि पिळून घेतलेला हा कोबी, असं दे स्वतःला कधीतरी. मुगाच्या खिचडीलाही बरा.

बरणी संपत आली की तळाशी वाटीभर आंबट-गोड पाणी उरतं. त्यात नवा कोबी घालायचा मोह होईल, ते करू नकोस. त्यातलं बरंचसं आम्ल आधीच्या कोबीनं घेतलेलं असतं. बटाटे उकडून, सालं काढून, गरम असतानाच त्यांच्या चकत्यांवर ते पाणी ओत, वरून चिमूट मिरपूड आणि कांदा घाल, आणि त्याच जेवणात संपव.